पहाऱ्यावर कोण? – एकट्याने अटलांटिक ओलांडण्याच्या बेतांविषयी

कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून शिडाच्या होडीविषयी बोलावे, ह्याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. बोनस, महागाईभत्ता, कामावरून कमी केलेल्यांची प्रकरणे हे आमचे रोजचे विषय. आम्ही दर्यावर्दी नव्हे. अटलांटिक महासागर आम्ही पाहिला तो सार्वजनिक वाचनालयातल्या नकाशांच्या पुस्तकात. पण त्याच वाचनालयात एकट्याने तो महासागर ओलांडणाऱ्यांच्या हकीकती हाती लागल्या, आणि त्या वाचता वाचता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ही माणसे किनाऱ्यावर बसून वर्ष-वर्ष ज्या प्रश्नाशी झगडत होती, तो प्रश्न आमच्याच धंद्यातला होता. तो प्रश्न पाळीचा.

जहाज रात्री थांबत नाही. म्हणून जहाजावर पूर्वीपासून पहारे असतात. चार तासांनी एक टोळी खाली उतरते, दुसरी वर येते. अगदी लहान गलबतावरदेखील निदान दोन टोळ्या हव्यात, म्हणजे एकाने सुकाणू धरले असता दुसऱ्याला पाठ टेकता येते. आता उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यापासून इंग्लंडचा किनारा सुमारे तीन हजार मैल. लहान होडीला त्यासाठी चाळीसपासून सत्तरपर्यंत दिवस लागतात. साठ दिवस धरले तर आठ तासांच्या एकशेऐंशी पाळ्या झाल्या, आणि हजेरीपटावर नाव एकाच माणसाचे! बाकीच्या पाळ्या कोण भरणार? एकट्याच्या सफरीचा बेत म्हणजे मुख्यतः ह्या प्रश्नाचे उत्तर होय. अन्न, पाणी, कपडे हे सारे त्यानंतर.

वाटेचा प्रश्न त्यामानाने सोपा, कारण तो वाऱ्यांनीच सोडवून ठेवला आहे. अमेरिकेकडून युरोपकडे जायचे तर उत्तरेकडची वाट, पश्चिमेचे वारे पाठीशी. निघायचे उन्हाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे हिवाळी वादळे टळतात. युरोपकडून अमेरिकेकडे जायचे तर शहाण्याने आधी दक्षिणेस कॅनरी बेटांपर्यंत उतरावे आणि तिथून व्यापारी वाऱ्यांवर पश्चिमेस सुटावे. कोलंबस १४९२ साली ह्याच वाटेने गेला. अ‍ॅन डेव्हिसन ही इंग्रज बाई २० नोव्हेंबर १९५२ रोजी लास पाल्मासहून २३ फुटी होडीत एकटी निघाली आणि पुढल्या जानेवारीत डॉमिनिका बेटाला लागली, तीही ह्याच वाटेने. एकटीने अटलांटिक ओलांडणारी ती पहिली स्त्री. तीन वर्षांपूर्वी ह्याच छंदापायी तिचे गलबत फुटून तिचा नवरा बुडाला होता. तरी ती निघाली. नोव्हेंबर निवडण्याचे कारण एवढेच की, पलीकडच्या बेटांवरचा चक्रीवादळांचा हंगाम तोवर सरत आलेला असतो.

आता पाळीकडे वळू. एकट्याने अटलांटिक ओलांडल्याची पहिली नोंद आहे ती आल्फ्रेड जॉन्सन ह्या कोळ्याची. जन्माने डेन्मार्कचा, पोटासाठी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्लॉस्टर बंदरात आलेला. एकट्याने डोरीतून, म्हणजे सपाट तळाच्या मच्छीमारी होडीतून, महासागर ओलांडता येईल काय, अशी सोबत्यांत गोष्ट निघाली आणि ह्याने ती मनावर घेतली. १८७६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे शंभरावे वर्ष, म्हणून त्याने आपल्या २० फुटी होडीला ‘सेंटेनियल’ असे नाव दिले. होडीवर लाकडी पाटण घातले, आत पाणबंद खण केले आणि डोलकाठी आडवी करता येईल अशी बसवली. हे शेवटचे फार महत्त्वाचे. २ ऑगस्ट रोजी लाटेने होडी उलटली तेव्हा तो सुमारे वीस मिनिटे उलट्या होडीला धरून होता. मग दुसऱ्या लाटेचा जोर साधून त्याने ती सुलटी केली. काठी उभी असती तर ते साधले नसते. दहा दिवसांनी तो वेल्सच्या किनाऱ्याला लागला. पुढे लोक विचारीत, बाबा, तू हे का केलेस? तेव्हा आपण महामूर्ख होतो म्हणून केले, असे तो सांगे. आम्हांला ह्या उत्तरापेक्षा ती आडवी होणारी डोलकाठी अधिक खरी वाटते.

झोपेच्या बाबतीत मात्र त्या काळी दोनच उपाय होते. शिडे तोलून, सुकाणूचा दांडा दोरीने बांधून होडीला आपली आपण जाऊ द्यायचे. नाहीतर शिडे आवळून तिला वाऱ्यासमोर थोपवून धरायचे आणि ती हेलकावत असता डोळे मिटायचे. पहिल्यात वाट चुकण्याचे भय, दुसऱ्यात वेळ जातो. वेळ गेला की पाणी संपते.

ह्या ग्लॉस्टरविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण धाडसाच्या गोष्टींत तेवढेच वगळले जाते. ह्या एका गावचे पाच हजारांहून अधिक कोळी समुद्राने घेतले आहेत. मोठे गलबत मासळीच्या जागी गेले की दोन-दोन माणसांच्या डोऱ्या पाण्यात सोडी. धुके आले किंवा बर्फ पडू लागले की डोरी गलबतापासून तुटे. मिळकत मासळीच्या वाट्यावर. मासळी नाही तर वाटा नाही. म्हणून हवा बिघडताना दिसत असूनही माणसे होडीत उतरत. हॉवर्ड ब्लॅकबर्न हा ह्यांतलाच. जानेवारी १८८३ मध्ये न्यूफाउंडलंडच्या समुद्रात तो आणि टॉम वेल्श एका डोरीत असताना बर्फाच्या वादळात सापडले. ब्लॅकबर्नचे हातमोजे वाहून गेले. हात आता गोठणार हे दिसताच त्याने काय केले? बोटे वल्ह्याच्या मुठीभोवती वाकवली आणि तशीच गोठू दिली, म्हणजे पुढे वल्हे त्या आकड्यांत अडकवता येईल. वेल्श दुसऱ्या रात्री गेला. त्याचे प्रेत होडीत ठेवून हा अन्नपाण्यावाचून वल्हवीत पाचव्या दिवशी किनाऱ्याला लागला. हातांची सगळी बोटे गेली, अंगठ्यांची पहिली पेरे गेली, पायांचीही काही बोटे गेली. गावकऱ्यांनी वर्गणी काढून दिली, तीवर त्याने दुकान आणि पुढे गुत्ता घातला.

बोटे नसलेल्या ह्या माणसाने १८९९ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ग्लॉस्टरच्या मच्छीमारी घाटाची ३० फुटी ‘ग्रेट वेस्टर्न’ नावाची होडी घेऊन एकट्याने अटलांटिक ओलांडला. ६२ दिवस लागले. १९०१ साली त्याहून लहान, २५ फुटी ‘ग्रेट रिपब्लिक’मधून तो ३९ दिवसांत लिस्बनला पोचला. पहिल्यापेक्षा दुसरी होडी लहान का? हौस हे एक कारण असेलच. पण बोटांवाचून शीड ओढायचे, दोरी गाठवायची, तर शीड लहान आणि दोऱ्या थोड्या असलेल्या बऱ्या, असे आम्हांला वाटते. कारखान्यात हात गमावलेला माणूस पुन्हा यंत्रावर उभा राहतो तेव्हा तो आपली सारी हत्यारे नव्याने मांडून घेतो. कोणती वस्तू कोठे, किती उंचीवर, हे त्याच्याइतके कोणत्याही साहेबाला कळत नाही. असे हात आम्ही पाहिले आहेत, म्हणून ब्लॅकबर्नच्या बेताचे आम्हांला जितके वाटते तितके त्याच्या शौर्याचे वाटत नाही.

जोशुआ स्लोकम हा मात्र कप्तान होता, पण बेकार कप्तान. आगबोटींनी शिडाच्या जहाजांचा धंदा बुडवला आणि भर उमेदीत जहाजे चालवलेला हा माणूस किनाऱ्यावर पडला. शाळा लहानपणीच सुटलेली. जे काही आले ते काम करता करता आणि पुस्तके वाचून. एका ओळखीच्याने त्याला ‘एक जहाज देतो, थोडी डागडुजी लागेल’ म्हणून सांगितले. जाऊन पाहतो तो कुरणात लाकडे टेकून उभी केलेली मोडकी होडी! स्लोकमने रान तोडून लाकूड आणले आणि फळीमागून फळी बदलून ती नवी केली. सामानाचा खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट आणि तेरा महिन्यांची स्वतःची मेहनत, असा हिशेब त्याने लिहून ठेवला आहे. मजुरीचा आकडा मात्र घातला नाही. आपल्या घामाचा भाव लावायला मालकाप्रमाणे तोही विसरला म्हणा! मौल्यवान सागरी घड्याळ दुरुस्त करायला पंधरा डॉलर मागितले, म्हणून ते मागे ठेवून तबकडी फुटलेले एक डॉलरचे पत्र्याचे घड्याळ त्याने घेतले.

‘स्प्रे’ नावाची ही सुमारे ३७ फुटी, रुंद आणि लांब तळकण्याची होडी १८९५ साली निघाली, तेव्हा तो एक्कावन्न वर्षांचा होता. अझोर बेटे सोडल्यावर आलुबुखार आणि पांढरे चीज खाऊन त्याच्या पोटात असह्य कळा येऊ लागल्या. वादळ येत होते, आणि हा खोलीच्या जमिनीवर गडबडा लोळत होता. शुद्धीवर आल्यावर पाहतो तो सुकाणूपाशी एक उंच परका खलाशी उभा! कोलंबसच्या ‘पिंटा’ जहाजाचा मी वाटाड्या, असे त्याने सांगितले म्हणे. सकाळी पाहिले तर होडी ठरल्या दिशेने रात्रीत नव्वद मैल आलेली. स्लोकमने हे थोडे खुलवून लिहिले आहे, हे उघड दिसते. पण त्यातले सत्य साधे आहे. होडीच इतकी समतोल होती की दांडा बांधला की ती आपली आपण सरळ जाई. पुढे हिंदी महासागरात २७०० मैलांच्या एका मजलेत, तेवीस दिवसांत, त्याला एकूण तीन तासांहून अधिक सुकाणू धरावे लागले नाही. दुसऱ्या पाळीचा माणूस त्याने फळ्या ठोकतानाच होडीत बसवला होता.

आणि तो खलाशी? रात्रपाळी केलेल्यांना तो परका नाही. पहाटे तीनच्या सुमारास साच्यापाशी उभे असता मागून कोणी हाक मारली असे वाटून आम्ही वळून पाहिले आहे. शरीर थकले की मन दुसरा माणूस उभा करते.

हान्नेस लिंडेमान ह्या जर्मन डॉक्टराने ह्याच मनाची तयारी करायचे ठरवले. १९५५ साली तो एका लाकूड कोरून केलेल्या होडीतून पार झाला होता. दुसऱ्या खेपेस त्याने घेतली ती घडी घालता येणारी १७ फुटी कापडी होडी, जिच्यात धड आडवेही होता येत नाही. निघण्यापूर्वी कित्येक महिने तो रोज स्वतःला बजावीत असे की मी पार होणार, तोंड पश्चिमेला ठेवायचे, हात टेकायचे नाहीत. ऑक्टोबर १९५६ मध्ये तो कॅनरी बेटांहून निघाला आणि ७२ दिवसांनी पलीकडे लागला. वाटेत होडी उलटली असता एक अख्खी रात्र तो तिच्या पाठीवर पडून होता. पार झाला हे खरे. परंतु ह्या उपायाविषयी आमचे मत फारसे चांगले नाही. थकलेल्या माणसाला ‘मी थकलो नाही’ असे म्हणायला शिकवणे हा मार्ग आम्ही इतरत्रही पाहिला आहे.

खरा उपाय निघाला १९६० साली, आणि तो अगदी खेळण्यातून आला. हॅस्लर ह्या निवृत्त इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने एकट्या-एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची शर्यत काढली. फ्रान्सिस चिचेस्टरशी अर्ध्या क्राउनची पैज लावली अशी आख्यायिका आहे. ११ जून १९६० रोजी प्लिमथहून चार होड्या निघाल्या, पाचवी मागाहून. जायचे न्यूयॉर्कला, म्हणजे वाऱ्याविरुद्ध. शर्यत हे निमित्त होते. एका माणसाच्या हातात राहील अशी होडी आणि अशी साधने घडावीत, हा हॅस्लरचा हेतू. शाळेच्या पुस्तकात वातकुक्कुटाचे चित्र असते, तसे एक वाऱ्याने फिरणारे पाते होडीच्या मागच्या टोकाला बसवायचे आणि ते सुकाणूला जोडायचे. होडी वाट सोडून वळली की पात्याला वारा बाजूने लागतो, ते फिरते आणि सुकाणू वळवून होडीला पुन्हा जागेवर आणते. तळ्यात सोडण्याच्या खेळण्यातल्या होड्यांना अशी पाती पूर्वीपासून असत. हॅस्लरची ‘जेस्टर’ २५ फुटांची. शीड चिनी घाटाचे, आणि सगळ्या दोऱ्या मधल्या एका भोकाशी आणलेल्या, म्हणजे भिजत बाहेर यायलाच नको. अठ्ठावन्न वर्षांचा चिचेस्टर, ज्याच्या फुप्फुसाचा आजार डॉक्टरांनी काही काळापूर्वीच असाध्य ठरवला होता, ४० दिवसांत पहिला आला. हॅस्लर ४८ दिवसांत. पात्याचा एक दोष लक्षात ठेवावा. त्याला वारा कळतो, दिशा कळत नाही. रात्री वारा फिरला तर होडीही निमूटपणे फिरते आणि झोपलेला माणूस सकाळी भलतीकडे असतो.

हे पाते सर्वांनाच परवडले किंवा चालले असे नाही. ज्या बेताने आम्हांला सर्वांत अधिक गुंगवले, तो त्यानंतरचा, १९६५ सालचा, आणि तो एका पगारदार नोकराचा. रॉबर्ट मॅनरी हा क्लीव्हलंडच्या ‘प्लेन डीलर’ दैनिकात मजकूर तपासणारा उपसंपादक. जन्म आपल्या मसुरीजवळच्या लांढौरचा, १९१८ चा. आईबाप मिशनच्या कामानिमित्त हिंदुस्थानात होते. १९५८ साली त्याने तीसएक वर्षांची जुनी, साडेतेरा फुटी लाकडी होडी १६० डॉलरना घेतली. साडेतेरा फूट म्हणजे आपल्याकडच्या चाळीतल्या खोलीची लांबी. कामावरून आल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी तो ती दुरुस्त करी. तिच्यावर त्याने छोटीशी खोली उभारली, न बुडणारा फोम पोकळ जागांत ठासून भरला, तळाशी वजनदार कणा केला, एअरी सरोवरात तिची परीक्षा पाहिली, आणि ताऱ्यांवरून स्थान काढण्याचे गणित पुस्तकावरून शिकला. त्याचे अनुमान असे की मोठे जहाज लाटेशी भांडते, बूच लाटेवर बसते. होडी बुचासारखी हलकी आणि न बुडणारी असली तर लहान असणे हा दोष नाही. आम्हांला हा विचार पटतो.

पण त्याला हवा होता वेळ. आरंभी एका मित्राबरोबर २५ फुटी होडीतून जायचे ठरले होते आणि त्या बेतासाठी त्याने कचेरीतून रजा मिळवली. मित्राने अंग काढून घेतले. मॅनरीने ती गोष्ट कचेरीला न सांगता रजा तशीच ठेवली, आणि बायकोला विश्वासात घेऊन एकट्याने निघायचे ठरवले. नीतिशास्त्री ह्यावर काही म्हणोत. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची एक सुट्टी मिळायला १८९० साल उजाडावे लागले, आणि तीही नारायण मेघाजी लोखंड्यांनी सह्या, अर्ज आणि सभा करून मिळवली. एकदा हाती आलेली रजा सोडू नये, हे आम्ही जाणतो.

१ जून १९६५ रोजी तो मॅसॅच्युसेट्समधल्या फालमथहून निघाला. जायचे होते इंग्लंडातल्या फालमथला. पाळीचा त्याचा हिशेब असा : मोठ्या जहाजांच्या मार्गात जागे राहायचे, तो मार्ग ओलांडल्यावर रात्री कापडी नांगर टाकून झोपायचे. हा नांगर तळाला लागत नाही. पाण्यात फुगून तो होडीचे तोंड लाटांकडे धरून ठेवतो. बेत चांगला होता, पण वाऱ्यांनी त्याला वारंवार जहाजांच्या वाटेवर आणले. तो गोळ्या घेऊन जागत राहिला. मग भास सुरू झाले. होडीत कोणी तरी चढले आहे, कोणाशी तरी झटापट आहे, अशा स्वप्नांत जागेपणी तासन्‌तास जात. लाटेने तो अनेकदा पाण्यात फेकला गेला. कमरेला बांधलेल्या दोरीने तेवढा परत आला. सुकाणू मोडले, ते त्याने समुद्रातच दुरुस्त केले. ७८ दिवसांनी, १७ ऑगस्टला, तो फालमथला पोचला तेव्हा शेकडो होड्या सामोऱ्या आल्या होत्या आणि धक्क्यावर हजारोंचा समुदाय होता. ज्याला वाटले होते की गुपचूप उतरावे आणि घरी तार करावी, तो त्या गर्दीने गांगरून गेला असला पाहिजे. पुढे तो फार जगला नाही. १९७१ साली वारला. ‘टिंकरबेल’ ही त्याची होडी क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहे.

यंत्राचा मदतनीस मोडला तर काय, ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या मुंबईत तयार झाले होते, हे थोड्यांना ठाऊक असते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज अधिकारी मुंबईत आगबोटीवर नोकरीला असताना त्याने १९६३-६४ च्या सुमारास कुलाब्याला एक ३२ फुटी होडी बांधवून घेतली. साग अस्सल, आणि सुतारांची हत्यारे वाकस आणि सामता. हीच ‘सुहैली’. १४ जून १९६८ रोजी तो तिच्यातून एकट्याने, कोठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. अटलांटिक खाली उतरला. ऑस्ट्रेलियाजवळ वाऱ्याचे पाते निकामी झाले. तिथून पुढे प्रशांत महासागर आणि परतीचा सगळा अटलांटिक त्याने केवळ शिडे तोलून आणि दांडा बांधून काढला, आणि २२ एप्रिल १९६९ रोजी असे करणारा पहिला माणूस म्हणून घरी पोचला. त्या सुतारांची नावे त्याच्या नावासारखी गाजली नाहीत. पण स्लोकमने कुरणात जे साधले तेच त्यांनी कुलाब्याला साधले. पुढे ह्याच नॉक्स-जॉन्स्टनच्या हाताखाली आपल्या नौदलाच्या दिलीप दोंदे यांनी उमेदवारी केली, आणि गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पोर्ट स्टॅन्लीहून केपटाउनपर्यंतचा दक्षिण अटलांटिक त्यांनी त्यात ओलांडला.

तरीही एक प्रश्न उरतोच. पाते होडी चालवते, पण पाहत नाही. समुद्रावर टक्कर टाळण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून लागू झाले, त्यांतला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक जहाजाने सर्वकाळ डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवला पाहिजे. एकटा माणूस हा नियम रोज रात्री मोडतो. ह्यात त्याला फक्त स्वतःचाच धोका असता तर आम्ही बोललो नसतो. परंतु त्याच समुद्रात जाळी टाकून बसलेल्या लहान होड्या असतात. आणि दुसऱ्या बाजूची गोष्ट अशी की, मोठ्या मालवाहू जहाजांवर मालकांनी माणसे कमी करीत आणली आहेत; तिथल्या पुलावर रात्री पहारा देणारा खलाशीही कित्येकदा अपुऱ्या झोपेचाच असतो. म्हणजे एका बाजूला झोपलेला एकटा, दुसऱ्या बाजूला पेंगणारा नोकर.

आता जवळच्या जहाजांची खबर देणारी यंत्रे निघाली आहेत, पण त्यांत दिसते ते जहाज ज्याच्याजवळ तसलेच यंत्र चालू आहे. म्हणून अनुभवी दर्यावर्दी अजून जुना हिशेब धरतात. लहान होडीवरून क्षितिज काही मैलांवर. तिथे उगवलेले वेगवान जहाज पंधरा-वीस मिनिटांत अंगावर येऊ शकते. झोप तेवढ्याच तुकड्यांची. गजर वाजला की तो उठतो, दारातून डोके वर काढून चोहीकडे पाहतो, दिवा दिसला नाही तर पुन्हा वीस मिनिटांचा गजर लावून आडवा होतो.